रुग्णाची इलेक्ट्रॉनिक नोंद वाचताना: आजार आणि औषधं समजून घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने वॉर्डात आलेले डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट आणि घरच्या आजारी माणसाची फाइल स्वतः उघडून बघणारे नातेवाईक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमागचं म्हणणं एकच आहे. आजारांची यादी आणि औषधांची यादी वेगवेगळ्या वाचू नका, शाळेत ‘जोड्या लावा’ करायचो तशा त्या समोरासमोर ठेवून वाचा.

फाइल उघडली. सुरुवात कुठून करू?

आधी फाइल त्याच माणसाची आहे ना, हे बघा. नुसत्या नावावर जाऊ नका. नाव आणि जन्मतारीख, किंवा नाव आणि नोंदणी क्रमांक, अशा दोन खुणा जुळल्याच पाहिजेत. एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच दिवशी ओपीडीत असणं अजिबात दुर्मिळ नाही.

मग स्वतःला विचारा, मी ही फाइल कशासाठी वाचतो आहे? शस्त्रक्रियेआधीची तपासणी आहे, की नवी गोळी सुरू करायची आहे, की चक्कर का येते ते शोधायचं आहे? प्रश्न ठरला नसेल तर दहा वर्षांच्या नोंदी नुसत्या डोळ्यांखालून जातात, हाती काही लागत नाही.

त्यानंतर मी सर्वात अलीकडचं डिस्चार्ज कार्ड वाचतो. ते नसेल तर एखाद्या फिजिशियनने सविस्तर लिहिलेली शेवटची नोंद. कोणीतरी त्या माणसाकडे सलग बघून लिहिलेली ती गोष्ट असते. मग औषधांची यादी, मग रक्ताचे रिपोर्ट, आणि आजारांची यादी सर्वात शेवटी. हा क्रम अनेकांना उलटा वाटतो. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

आजारांची यादी तर पहिल्याच पानावर असते. ती शेवटी का?

कारण ती सगळ्यांची असते, म्हणून कोणाचीच नसते. जो तो भर घालतो, झाडून साफ कोणी करत नाही.

ही यादी मुळात फार सुंदर कल्पना आहे. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडलं की नोंद विभागांनुसार नको, रुग्णाच्या समस्यांनुसार हवी: प्रत्येक समस्येला क्रमांक आणि प्रत्येक टिपण कुठल्या तरी समस्येशी बांधलेलं. आज जवळपास प्रत्येक प्रणालीत दिसणारी समस्यांची यादी या विचारातून आली. पण वीड यांना अपेक्षित असलेली शिस्त संगणकाच्या पडद्यासोबत आपोआप येत नाही.

प्रत्यक्षात त्या यादीत काय सापडतं? आठ वर्षांपूर्वी भरून आलेली जखम अजून ‘चालू’ असते. ‘मधुमेह’, ‘मधुमेह प्रकार २’ आणि ‘रक्तातील साखर वाढलेली’ अशी एकाच आजाराची तीन नावं असतात. ‘हृदयविकाराची शंका’ म्हणून लिहिलेलं काही महिन्यांनी शंका गळून नुसतं ‘हृदयविकार’ होऊन बसतं. वडिलांना असलेला आजार मुलाच्या नावावर चढतो. शिवाय एखादी तपासणी मागवायची तर प्रणाली निदानाचा कोड मागते, मग घाईत जवळचा कोड निवडला जातो आणि तो यादीत कायमचा राहतो. म्हणून आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीतला ‘आय१०’ म्हणजे उच्च रक्तदाब किंवा ‘ई११’ म्हणजे टाइप २ मधुमेह दिसला, तर एवढंच समजा की कोणीतरी, कधीतरी, काही कारणाने हा कोड निवडला. निदान कशावरून झालं, हे त्याच दिवसाच्या टिपणात आणि रिपोर्टात शोधायचं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. यादीत नाही म्हणजे आजार नाही, असं मुळीच नाही.

औषधांची यादी म्हणजे रुग्ण घेतो ती औषधं, बरोबर ना?

नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, दुकानातून प्रत्यक्ष घेतलेलं आणि तोंडात गेलेलं औषध या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रणालीला खात्रीने फक्त पहिली माहीत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचं प्रमाण सरासरी निम्म्याच्या आसपास आहे. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक गोळीबद्दल ‘खरंच घेतात का?’ हा प्रश्न रास्त आहे. तो विचारल्याने रुग्णावर अविश्वास दाखवला असं होत नाही.

काही औषधं यादीत मुळातच येत नाहीत, आणि नेमकी तीच घात करतात. दवाखान्यात दर सहा महिन्यांनी मिळणारं हाडांसाठीचं डेनोसुमॅब इंजेक्शन घ्या. रुग्ण ते ‘औषध’ म्हणून सांगत नाही, पण ते चुकलं तर काही महिन्यांत मणक्याची हाडं मोडण्याचा धोका वाढतो. डोळ्यांचे थेंब, त्वचेवरचे पॅच, इनहेलर, गर्भनिरोधक गोळ्या, सांध्यात घेतलेलं स्टेरॉइड, स्वतः विकत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि वनौषधी यांचंही तेच.

थेंबांचं मी माझ्या अनुभवावरून सांगतो. शिकाऊ असताना दम्याच्या एका रुग्णाचा इनहेलरचा डोस मी दोनदा वाढवला, तरी दम थांबेना. काचबिंदूसाठी ते टिमोलॉलचे थेंब घालत होते. ते डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वेगळ्या प्रणालीत नोंदलेले होते, माझ्या यादीत नव्हते. टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गटातलं औषध आहे. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळू शकतो. तेव्हापासून ‘डोळ्यांत, नाकात, कानात, त्वचेवर काही वापरता का?’ हे मी प्रत्येकाला विचारतो.

‘जोड्या लावा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

कोरा कागद घ्या. डावीकडे आजार, उजवीकडे औषधं, आणि रेघा ओढा. प्रत्येक औषधाला कारण मिळालं पाहिजे, प्रत्येक आजाराला काहीतरी योजना. जे टोक मोकळं राहील तिथे थांबायचं, कारण रुग्णाची खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच असते.

एक कल्पित उदाहरण सविस्तर बघू. ६८ वर्षांच्या बाई. आजारांच्या यादीत मधुमेह, उच्च रक्तदाब आणि गुडघेदुखी. औषधांत मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दोन वेळा, अम्लोडिपिन १० मिलिग्रॅम, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, लिव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम आणि कॅल्शियम.

मेटफॉर्मिनची रेघ मधुमेहाला जाते, अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टनची रक्तदाबाला. लिव्होथायरॉक्सिन मोकळं राहिलं. म्हणजे थायरॉइड कमी असल्याचं निदान कधीतरी झालं असणार, यादीत चढलंच नाही. जुना टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारा रक्तातला आकडा) शोधायचा आणि शेवटचा कधी केला तेही बघायचं. त्यातच कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी एकत्र घेतली जाते का हे विचारायचं. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. टीएसएच वाढलेला दिसला म्हणून डोस वाढवण्याआधी हा एक प्रश्न विचारलेला बरा.

मग फ्युरोसेमाइड. लघवी वाढवणारं औषध, पण यादीत ना हृदय कमजोर असल्याची नोंद, ना यकृताचा विकार. तारखा बघितल्या. अम्लोडिपिन ५ वरून १० केलं, पाच आठवड्यांनी ‘पायांवर सूज’ अशी तक्रार, आणि त्याच दिवशी फ्युरोसेमाइड सुरू. अम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, आणि डोस वाढला की तीही वाढते. ही सूज केशवाहिन्यांतला दाब वाढल्याने येते, शरीरात पाणी साठल्याने नाही, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध दिलं गेलं. याला औषधांची साखळी म्हणतात, आणि ती फक्त तारखा शेजारी ठेवल्यावरच दिसते.

आता रिपोर्ट. दोन वर्षांतला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात याचा अंदाज देणारा आकडा, ५८, ५१, ४४, ३८. प्रत्येक वेळी ‘थोडा कमी’ म्हणून सोडून दिलेला. ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक राहिला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार ठरतो, पण आजारांच्या यादीत त्याचा पत्ता नाही. म्हणून मेटफॉर्मिनचा डोसही तसाच राहिला. ईजीएफआर ४५ खाली गेल्यावर तो कमी करण्याचा विचार करायचा असतो आणि ३० खाली औषध बंदच करायचं असतं.

शेवटचं मोकळं टोक डावीकडे आहे. गुडघेदुखी आहे, पण तिच्यासमोर एकही औषध नाही. विचारल्यावर कळतं की बाई दुकानातून आयबुप्रोफेन आणून रोज घेतात. टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड आणि आयबुप्रोफेन हे त्रिकूट मूत्रपिंडाला एकदम इजा करू शकतं. आयबुप्रोफेनने रक्तदाबही वाढतो, आणि अम्लोडिपिन वाढवायची वेळ कदाचित त्यामुळेच आली असेल. गुडघ्यापासून सुरू झालेला धागा मूत्रपिंडापर्यंत पोहोचला. दोन्ही याद्या वेगवेगळ्या वाचल्या असत्या तर त्यात एकही ओळ संशयास्पद वाटली नसती.

औषधावरून आजार ओळखता येतो का?

अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबासाठी असेल, अर्धशिशीसाठी, हात थरथरण्यासाठी किंवा थायरॉइड वाढल्याने होणाऱ्या धडधडीसाठीही. अमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत बहुधा नसांच्या वेदनांसाठी किंवा डोकेदुखीसाठी असतं. ते बघून ‘नैराश्य’ असं लिहून टाकलं तर माणसावर एक शिक्का बसतो, आणि तो पुसायला वर्षं जातात. मेटफॉर्मिन घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीला मधुमेह नसतो, ते पीसीओएस या स्त्रियांमधल्या हार्मोनच्या विकारासाठीही देतात. डापाग्लिफ्लोझिन साखरेसाठी आलं, आता हृदय आणि मूत्रपिंडांसाठी मधुमेह नसलेल्यांनाही दिलं जातं. सिल्डेनाफिल फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब कमी करण्यासाठीही असतं.

मात्रा मात्र खूप काही सांगते. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते कुठे ‘रोज’ असं दिसलं तर तिथेच थांबा आणि फोन उचला. रोज घेतल्याने मृत्यू झालेले आहेत.

ॲलर्जीच्या रकान्यात ‘पेनिसिलिन’ लिहिलं आहे. एवढं पुरेसं आहे?

पुरेसं नाही. काय झालं होतं, किती वेळात, किती वर्षांपूर्वी, हे हवं. गोळीनंतर मळमळणं हा दुष्परिणाम आहे. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास अडकणं ही ॲलर्जी. पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदलेल्या दहांपैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांना रीतसर तपासणी केल्यावर ते औषध चालतं असं आढळतं. लेबल चुकीचं असेल तर रुग्णाला विनाकारण जास्त व्यापक प्रतिजैविकं मिळत राहतात. पण लेबल काढायचा निर्णय तपासणीनंतरच, फाइल वाचून नव्हे. आणि रकाना रिकामा असेल तर ‘ॲलर्जी नाही’ असं समजू नका. बहुतेक वेळा ते कोणी विचारलेलंच नसतं.

रिपोर्टमध्ये लाल रंगात दिसणारे आकडे बघितले की झालं का?

लाल रंग फक्त ठरावीक मर्यादेबाहेरचं दाखवतो. घसरण दाखवत नाही. हिमोग्लोबिन १५.५ वरून १३.२ झालं, दोन्ही आकडे काळ्या रंगात, पण पुरुष रुग्णात सहा महिन्यांतली ही घट कुठूनतरी रक्त जात असल्याची खूण असू शकते. म्हणून प्रणालीत आलेखाची सोय असेल तर तीच वापरा.

एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, पण लाल पेशींच्या आयुष्यावर तिचा आकडा अवलंबून असतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर आकडा फसवतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढलेला दिसू शकतो. एकटाच पोटॅशियम एकाएकी वाढलेला दिसला तर नमुन्यातल्या पेशी फुटल्याची टीप आहे का, ते बघा.

रोजच्या नोंदी एकसारख्या दिसतात. सगळ्या वाचायच्या का?

त्या बऱ्याचदा खरंच एकसारख्या असतात, कारण त्या चिकटवलेल्या असतात. अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या २३,००० हून अधिक दैनंदिन नोंदी तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदींमधला फक्त १८ टक्के मजकूर हाताने लिहिलेला होता. ४६ टक्के आधीच्या नोंदीतून उचललेला आणि ३६ टक्के प्रणालीतून आपोआप आलेला. म्हणून पहिली नोंद नीट वाचा, शेवटची नीट वाचा, आणि मधल्यांत बदल कुठे झाला तेवढं शोधा. ‘आज शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस’ हे वाक्य सलग पाच दिवस दिसलं, तर त्या नोंदींतल्या बाकीच्या मजकुरावरही भिस्त ठेवू नका. परिचारिकांच्या नोंदी मात्र टाळू नका. रुग्णाने रात्री गोळी थुंकली, जेवण सोडलं, बाथरूमला जाताना तोल गेला, हे बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

संक्षिप्त रूपं कळत नाहीत, काय करू?

अंदाज करू नका, विचारा. ‘एमएस’ म्हणजे मॉर्फिन सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा हृदयाची झडप आकसणं. मात्रेत दशांश चिन्ह कुठे आहे ते दोनदा बघा. ‘१.०’ मधला ठिपका नजरेतून सुटला की दहापट डोस होतो.

प्रणाली धोक्याच्या सूचना देते. मग एवढं सगळं कशाला?

कारण त्या सूचना इतक्या येतात की माणसं न वाचता बंद करतात. याविषयीच्या अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये घेतला गेला, तेव्हा ४९ ते ९६ टक्के सूचना डावलल्या जातात असं दिसलं. दुसरं म्हणजे प्रणालीला जे माहीत नाही त्याबद्दल ती बोलत नाही. वरच्या उदाहरणातलं आयबुप्रोफेन तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हतं.

संगणकाने तयार केलेल्या सारांशाबद्दलही माझं हेच मत आहे. हजार पानांत एखादी जुनी शस्त्रक्रिया शोधायला तो उपयोगी आहे. पण चिकटवलेली चूक त्यात अधिक नीटनेटक्या भाषेत येते, म्हणून जास्त खरी वाटते. निर्णय घेण्याआधी मूळ नोंद उघडा.

रुग्णाला काय विचारायचं?

‘या सगळ्या गोळ्या वेळेवर घेता ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी म्हणा, ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय घेतलंत, ते सांगा.’ मग विचारा, ‘यातली कुठली गोळी नकोशी वाटते?’ या दुसऱ्या प्रश्नाने माणूस मोकळा होतो. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी घेत नाही, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने पाय दुखतात म्हणून ती एक दिवसाआड घेतो, महागडी गोळी अर्धी करतो, हे सगळं तेव्हा बाहेर येतं. शक्य असेल तर औषधांची पिशवी घेऊन यायला सांगा. पाकिटावरची तारीख आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या मोजली की बराच उलगडा होतो. एकच औषध दोन वेगळ्या ब्रँडच्या नावाने घेतलं जात असेल, तर तेही पिशवीतच कळतं.

मी नातेवाईक आहे, डॉक्टर नाही. मी फाइल वाचावी का?

जरूर वाचा, पण फाइल वाचून गोळी बंद करू नका. काही औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं. बरेच आठवडे घेतलेलं स्टेरॉइड, बीटा ब्लॉकर, फिटची औषधं ही त्यातली ठळक नावं. भाषेनेही घाबरू नका. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं नाही. ‘रुग्ण नाकारतो’ हा डॉक्टरी शब्दप्रयोग आहे, त्याचा अर्थ ‘तशी तक्रार नाही असं रुग्णाने सांगितलं’ एवढाच.

तुमच्या हातून होणारं सर्वात मोलाचं काम म्हणजे एका कागदावर औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कोणी सुरू केलं हे पाच रकाने भरणं. ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा राहिला तर पुढच्या भेटीत तोच प्रश्न सर्वात आधी विचारा.

नोंदीत चूक सापडली. ती पुसून टाकू का?

पुसायची नाही. जुना मजकूर तसाच ठेवून तारखेसह दुरुस्तीची टीप जोडायची, कारण त्या चुकीवर आधीच काही निर्णय झालेले असू शकतात आणि ते पुढच्या वाचणाऱ्याला कळले पाहिजेत. आजार बरा झाला असेल तर ‘बरा झालेला’ असं नोंदवा. औषध थांबवलं असेल तर नुसतं यादीतून काढू नका, कारण लिहा. ‘अम्लोडिपिन १० ने पायांवर सूज, ५ वर आणलं, फ्युरोसेमाइड बंद’ एवढी एक ओळ लिहिली, तर दोन वर्षांनी दुसऱ्या दवाखान्यात कोणी तोच डोस पुन्हा वाढवण्याआधी ती वाचेल.